सापाच्या पोटावरचं नाव

ठोक्याला हे नाव कुणी दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं. दिवसभर दगड ठोकतो म्हणून पडलं असेल, किंवा तोंड उघडायच्या आधी हात उचलतो म्हणून. दोन्ही कारणं खरी होती.

त्याचा बाप दगडावर अक्षरं कोरायचा. दारावरच्या पाट्या, इमारतींच्या कोनशिला आणि सगळ्यात जास्त थडग्यांचे दगड. कागदावरची चूक खोडता येते, दगडावरची येत नाही, म्हणून मुलाच्या हातून अक्षर चुकलं की बाप हातोड्याचा दांडा काढायचा. मार ठरलेला असायचा ठोक्याला, खायची मात्र त्याची ताई. पाच वर्षांनी मोठी. दांडा वर गेला की ती मध्ये घुसायची. "मीच त्याला बोलण्यात गुंतवलं, बाबा," असं म्हणेपर्यंत पहिला फटका तिच्या पाठीत बसलेला असायचा. एकदा तर तिच्या दंडाचं हाड मोडलं. त्या संध्याकाळी ती डाव्या हाताने भाकरी थापत होती आणि ठोक्याला सांगत होती, "रडू नकोस. तू रडलास की ते अजून चिडतात."

ताईचं लग्न खाणीवरच्या मुकादमाशी झालं. उंचापुरा, हसतमुख, हात मोकळा असलेला माणूस. हात किती मोकळा होता ते दोन महिन्यांतच कळलं. ती माहेरी यायची ती भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून. ठोक्याने विचारलं की म्हणायची, "पडले रे जिन्यावरून." चौथ्या वर्षी ती खरोखरच जिन्यावरून पडली आणि गेली, असा निरोप आला.

ठोक्या धावत गेला. ताईला फरशीवर ठेवलं होतं. गळ्याच्या एका बाजूला चार काळेनिळे ठसे आणि दुसऱ्या बाजूला एक. पोलिसांनी कागदावर 'अपघात' लिहून टाकलं.

"साहेब, जिन्याला बोटं असतात का?" ठोक्याने विचारलं.

हवालदाराने त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं.

आठव्या दिवशी ठोक्या दोन किलोचा हातोडा घेऊन खाणीवर गेला. मुकादम जेवायला बसला होता. पहिला घाव गालफडावर बसला आणि डावा डोळा कायमचा गेला. दुसरा घाव बसण्याआधी मजुरांनी ठोक्याला आडवा पाडला आणि पहारीने त्याच्या नडगीचे दोन तुकडे केले. कोर्टाने नऊ वर्षं दिली. ठोक्या तेव्हा चोवीस वर्षांचा होता. न्यायाधीशांनी विचारलं, पश्चात्ताप होतो का? तो म्हणाला, "होतो. नेम चुकला."

तुरुंगात त्याच्या कोठडीत मास्तर होते. कॉलेजात जुन्या भाषा शिकवायचे. भाऊबंदकीत चुलतभावाला भोसकून आत आले होते, आणि त्याबद्दल कधी बोलत नसत. बोलायचे ते प्राचीन इजिप्तच्या भाषेबद्दल. एके दुपारी त्यांनी कोळशाने फरशीवर एक चित्र काढलं: गुडघ्यावर कोसळलेला माणूस, डोक्यात कुऱ्हाड रुतलेली, रक्ताची धार लागलेली.

"हे त्यांच्या लिपीतलं चिन्ह. मरण लिहायचं असेल, शत्रू लिहायचा असेल, तर शब्दाच्या शेवटी हा माणूस बसवायचा."

ठोक्याने त्या कुऱ्हाडीवर बोट ठेवलं. "हा आमचा दाजी," तो म्हणाला.

मास्तर हसले. "मग शिकशील तू."

आणि तो शिकला. कोरणाऱ्याचा हात होता, चिन्हं पटापट वळायची. त्या भाषेत त्याला एक गोष्ट फार आवडली. साप काढायचा असेल तर बरेचदा नुसता काढत नसत. त्याच्या अंगात सुरे खुपसलेले दाखवत, नाहीतर त्याचे दोन तुकडे करत. कारण लिहिलेलं जिवंत होतं अशी त्या लोकांची पक्की समजूत होती. मोकळा साप लिहिलात तर तो भिंतीवरून उतरून मढ्याला डसेल. ठोक्याला वाटलं, ही माणसं आपल्यातलीच दिसतात.

कोठडीच्या दक्षिणेच्या भिंतीत उंचावर एक झरोका होता. दुपारी त्यातून उन्हाचा चौकोन फरशीवर पडायचा. मास्तर रोज त्याच्या कडेला कोळशाची रेघ मारायचे. थंडी वाढली तशी रेघ रोज थोडी आत सरकत गेली आणि एक दिवस ठोक्याच्या अंथरुणाला टेकून थांबली.

"आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस," मास्तर म्हणाले. "सूर्य आज सगळ्यात म्हातारा, सगळ्यात दुबळा. पण बघ, आजच तो खोलीत सगळ्यात आत आलाय. उद्यापासून परत फिरेल. त्या लोकांचा सूर्य सकाळी भुंगा असायचा. त्या भुंग्याच्या चिन्हाने 'खेपर' हा शब्द लिहायचे. खेपर म्हणजे होणं, नव्याने घडणं. दुपारी तो रा. संध्याकाळी अतुम, काठी टेकणारा म्हातारा. रात्री त्याची होडी अंधारातून जाते आणि अपेप नावाचा साप ती गिळायला येतो. रोज त्याला साखळ्या घालतात, भोसकतात, जाळतात. दुसऱ्या रात्री तो पुन्हा हजर."

"म्हणजे मरत नाही?"

"नाही. कायमचा निकाल त्यांनी लावलाच नाही. म्हणून तर काही देवळं अशी बांधली की या लहान दिवशी उगवतीचं ऊन थेट दारातून आत यावं. म्हातारा पुन्हा भुंगा झाला, हे डोळ्यांनी बघायला मिळावं."

चौथ्या वर्षी अंघोळीच्या रांगेत एका तंबाखूच्या पुडीवरून भांडण झालं. भांडण मास्तरांचं नव्हतंच, ते सोडवायला गेले. घासून धार लावलेला चमच्याचा दांडा त्यांच्या गळ्यात आरपार गेला. ठोक्याने दोन्ही हातांनी जखम दाबून धरली, पण रक्त बोटांमधून येतच राहिलं. मास्तर काहीतरी सांगत होते, त्याचे नुसते बुडबुडे झाले. ते शांत झाल्यावर ठोक्या उठला आणि त्याने मारणाऱ्याचं डोकं नळाच्या ओट्यावर आपटायला सुरुवात केली. शिपायांनी त्याच्या तीन बरगड्या मोडल्या तेव्हा कुठे त्याने हात सोडला. शिक्षेत एक वर्ष वाढलं. मास्तरांची वही मात्र त्याने अंथरुणाखाली लपवून ठेवली आणि उरलेली वर्षं तिच्यावर काढली.

सुटून आला तेव्हा बाप नव्हता, दुकान होतं. त्याने कुलूप उघडलं आणि कामाला लागला. लग्न केलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचा, "माझा हात बापावर गेलाय. कशाला कुणाची मुलगी आणा?" गिऱ्हाइकाशी दोनदा मारामारी झाली, पण त्याच्यासारखं अक्षर गावात कुणाचं नव्हतं, म्हणून लोक शिव्या घालत त्याच्याकडेच येत.

अशी अठरा वर्षं गेली. मग एक दिवस संग्रहालयातल्या बाई दुकानात आल्या. आखूड केस, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं असं की समोरचा उशिरा आलाय आणि त्यांना उत्तर देणं लागतोय. इजिप्तच्या जुन्या लिपीतल्या त्या जाणकार. संग्रहालयात नवं दालन होत होतं. त्यात रात्रीच्या बारा तासांतून जाणाऱ्या सूर्याच्या होडीची भिंत, जुन्या चित्रांवरून नव्याने कोरून उभी करायची होती. दार पूर्वेला ठेवलं होतं, आणि वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, पहिलं ऊन भिंतीवर पडताना, उद्घाटन व्हायचं होतं.

ठोक्याने नकाशे पसरले. एका जागी बोट ठेवून म्हणाला, "ही शेपूट चुकलीय."

"काय?"

"शेपूट दुभंगलेली असली की ती पाकोळी. म्हणजे मोठा, थोर. गोल असली की चिमणी. म्हणजे क्षुद्र, वाईट. तुम्ही राजाला क्षुद्र म्हणताय."

बाईंनी चष्मा पुसला, परत घातला, नकाशा बघितला आणि शेजारच्या अर्धवट कोरलेल्या दगडावर बसल्या. "कुठे शिकलात?"

"तुरुंगात."

"शिकवलं कुणी?"

"होते एक. खुनी."

"बरं," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून या."

काम जोरात सुरू झालं. ठोक्या पहाटे बांबूच्या परांचीवर उभा राहायचा आणि अंधार पडल्यावर उतरायचा. बाई खालून ओरडायच्या, तो वरून ओरडायचा, आणि दोघांनाही त्याशिवाय करमेना. मग सापाच्या भागासाठी मोठ्या शिळा लागल्या, आणि त्या घेऊन एक दिवस खाणीचा मालक स्वतः आला. तो मुकादमच. मालक झाला तरी लोक त्याला मुकादमच म्हणत. डाव्या खोबणीत काचेचा डोळा, हातात चांदीच्या मुठीची काठी.

"काय मेव्हणे, ओळखलंत?" तोच आधी बोलला. "मी तुम्हाला एका डोळ्यानेच ओळखलं. दुसरा तुमच्याकडे राहिला."

ठोक्याच्या हातात हातोडा होता. बोटं पांढरी पडेपर्यंत त्याने मूठ आवळली. "ताईला का मारलंत?"

"अजून तेच? ती पडली. अठ्ठावीस वर्षं झाली, दुसरी बायको नांदतेय, दोन सुना आहेत. कुणी पडलंय का?" मुकादम हसला. खांद्यावर थोपटून म्हणाला, "दगड चांगला आहे. जपून ठोका."

 तो गेल्यावर ठोक्या वर चढला आणि सापाच्या पोटावर, खवल्यांमध्ये मिसळून जाईल अशा बेताने, इजिप्तच्या चिन्हांत मुकादमाचं नाव कोरलं. नावाच्या शेवटी तो डोक्यात कुऱ्हाड रुतलेला माणूस. नावाभोवती सात सुरे. एकेका सुऱ्याला एक दिवस दिला. पातं मुठीपर्यंत गेलेलं दिसायला हवं, आतलं मांस फाटलेलं दिसायला हवं. त्या सात दिवसांत तो एकदाही कुणावर ओरडला नाही. मजूर आपसात म्हणाले, म्हाताऱ्याला बरं नाहीये बहुतेक.

आठव्या दिवशी बाई परांचीवर चढल्या. खवल्यांवरून बोट फिरवत एकेक अक्षर पुटपुटू लागल्या आणि थांबल्या. "हे मूळ चित्रात नाही. हे तर त्या दगड पुरवणाऱ्याचं नाव."

ठोक्याने सगळं सांगितलं. जिना, बोटं, हातोडा, मास्तर. सांगून झाल्यावर वाटलं होतं, बाई हळहळतील.

"मूर्ख आहात तुम्ही," बाई म्हणाल्या. "ज्याचं नाव लिहिलेलं आहे तो जगतो, आणि नाव खरवडलं की माणूस दुसऱ्यांदा मरतो. हेच शिकलात ना इतकी वर्षं? आणि सगळ्यात सुंदर अक्षरांत नाव कुणाचं कोरलंत? त्याचं. सुरे खुपसून का होईना, पाचशे वर्षं लोक त्यालाच वाचणार. ताईचं नाव कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. ताई गेली तेव्हा बाप तिचा दगड कोरायला बसला होता, पण घाव चुकला आणि तिसऱ्याच अक्षराला दगड फुटला. पुन्हा तो बसला नाही. ठोक्या तर तुरुंगातच होता. आणि सुटल्यावर? हजार माणसांची नावं कोरली, पण ते एक कोरायला बसायची हिंमत झाली नाही.

त्याने हातोडा उचलून बाईंच्या डोक्याशेजारच्या बांबूवर असा हाणला की बांबू उभा चिरला. बाई जागच्या हलल्या नाहीत. "झालं?" त्यांनी विचारलं, आणि खाली उतरल्या.

मुकादम इकडे संग्रहालयाच्या विश्वस्तांकडे गेला होता. असला गुन्हेगार इथे नको म्हणाला. बाईंनी विश्वस्तांना तोंडावर सांगितलं, तो गेला तर मीही जाते, मग भिंत तुम्हीच पुरी करा. म्हणून दुसऱ्या दिवशी, मजूर जेवायला गेलेले असताना, मुकादमाचे दोन मुलगे आले.

 थोरल्याने ठोक्याच्या पोटात गुडघा घातला, धाकट्याने त्याचा उजवा हात शिळेवर दाबून धरला. ठोक्याचाच हातोडा उचलून थोरल्याने तीन घाव घातले. पहिल्या घावाला हाडांचा आवाज आला, तिसऱ्याला आवाज करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ठोक्याने मान वळवली आणि धाकट्याच्या कानाचा लचका तोडला. त्याच्या किंकाळीने बाई धावत आल्या. भिजवलेल्या चुन्याची बादली समोरच होती, ती त्यांनी उचलली आणि थोरल्याच्या तोंडावर रिकामी केली. तो डोळे धरून लोळायला लागला. धाकट्याने बाईंच्या तोंडात भडकावली, त्यांचा पुढचा दात पडला. मग भावाला ओढत तो पळाला. फरशीवर रक्त, चुना आणि कानाचा एक तुकडा. पोलिसांनी लिहून घेतलं: कामाच्या ठिकाणी बाचाबाची.

डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण कोरणं विसरा. सगळ्यात लहान दिवसाला बारा दिवस होते.

तिसऱ्या दिवशी ठोक्या प्लास्टर घालून परांचीवर हजर. बाई खाली उभ्या, ओठ सुजलेला. "आता कसं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही छिन्नी धरा. मी डाव्याने ठोकतो."

बाईंनी आयुष्यात छिन्नी धरली नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांच्या अंगठ्यावर दोन घाव बसले आणि त्या अशा शिव्या घालत सुटल्या की मजूर काम सोडून ऐकायला जमले. आधी त्यांनी सापाच्या पोटावरचं नाव काढलं, एकेक चिन्ह तासून सपाट केलं. सुरे तसेच ठेवले. मग होडीच्या वर, भुंग्याच्या चिन्हाशेजारी, हातभर जागा होती तिथे ठोक्याने बोटाने दाखवलं. पहिलं चिन्ह पाण्याच्या लाटेचं. ते कोरायच्या आधी तो हातोडा ठेवून अर्धा तास खाली बसून राहिला. बाई छिन्नी धरून वाट बघत उभ्या राहिल्या.

नाव पुरं झालं तेव्हा ठोक्या म्हणाला, "याच्याभोवती वलय घाला. दोरीचं."

"ते फक्त राजाराणीच्या नावाला असतं."

"माझ्या ताईला राणी म्हणायला कुणाच्या बापाची परवानगी लागते?"

बाईंनी मान खाली घातली आणि छिन्नी टेकवली.

उद्घाटनाला दोनेकशे माणसं आली. दगड पुरवणारा म्हणून मुकादम पहिल्या रांगेत, शेजारी बायको, मागे दोन सुना आणि पट्ट्या बांधलेले दोन मुलगे. सूर्य वर आला. उन्हाची तिरीप दारातून शिरली, फरशीवरून सरकत भिंतीला लागली आणि होडीच्या वर चढली. बाई लोकांना समजावून सांगत होत्या. हा म्हातारा अतुम, हा साप, हा पहाटेचा भुंगा, ज्याच्यासाठी शब्द आहे खेपर. "आणि ही राणी," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ताईचं नाव वाचलं. थोडं थांबून, दात पडल्यामुळे फुसकारा यायचा म्हणून, पुन्हा एकदा स्पष्ट वाचलं.

मुकादम उठला. "हे नाव कुणी घातलं?"

 त्याने भिंतीपाशी जाऊन काठी उंच फिरवली. भुंग्याचा एक पाय उडाला. मग काठी बाईंवर उगारली तसा ठोक्या मध्ये आला आणि फटका त्याच्या मानेवर बसला. ठोक्याने हात उचलला नाही. थोर झाला होता म्हणून नव्हे. उजवा प्लास्टरमध्ये होता, आणि डावा बाईंनी मागून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"इतकी वर्षं झाली, तरी माझ्या मागे लागलेत!" मुकादम ओरडत होता, काठी हाणत होता. "दोन थपडांत कुणी मरतं का? गळा धरला म्हणून काय झालं? माझं घर, माझी बायको!"

काठी हवेतच थांबली. आपण काय बोललो ते त्याच्याच कानांनी त्याला ऐकवलं.  पहिल्या रांगेत त्याच्या बायकोचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला, आणि ते दोन्ही सुनांनी पाहिलं.

पुढे खटला उभा राहिला. ताईची फाइल सापडली नाही, आणि रागाच्या भरात बोललेल्या शब्दांवर खून सिद्ध होत नाही, असं कोर्ट म्हणालं. पण मुकादमाच्या बायकोने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून, पंचवीस वर्षांत आपली कोणकोणती हाडं मोडली ते तारखांसकट सांगितलं. त्यासाठी त्याला सहा वर्षं झाली. ताईसाठी एक दिवसही नाही. हे ठोक्याला शेवटपर्यंत सलत राहिलं. लोक अभिनंदन करायला आले तर तो त्यांना हाकलून द्यायचा.

हाताची बोटं पुन्हा वळली नाहीत. बाईंनी त्याला रविवारी लिपी शिकवायला बसवलं. दहाबारा माणसं यायची, एक निवृत्त परिचारिका, एक शिंपी, मुकादमाची धाकटी सून. ठोक्या वाईट मास्तर होता. चिमणीची शेपूट चुकली की वही भिरकावायचा. सून ती शांतपणे उचलून आणायची आणि पुन्हा काढायची.

दर वर्षी लहान दिवशी तो पहाटे येऊन भिंतीसमोर उभा राहायचा. तिसऱ्या वर्षी आभाळ गच्च भरलं होतं. ऊन आलंच नाही. तो दारात जाऊन आकाशाकडे बघत मोठमोठ्याने शिव्या घालू लागला.

"सूर्याला ऐकू जात नाही," बाई आतून म्हणाल्या.

"सूर्याला कोण बोलतंय? ढगांना बोलतोय."

दुपारपर्यंत तो थांबला. ढग हलले नाहीत. मग त्याने शिडी लावली, फडकं ओलं केलं आणि डाव्या हाताने ताईच्या नावावरची धूळ पुसून काढली, लाटेच्या खाचा नखाने साफ केल्या, आणि बाईंना चहा मागवायला सांगितलं.